ग्रॅनाइट ओळखायचा कसा आणि वाचायचा कसा: हंपीला निघालेल्या नवख्यांसाठी

तुमच्या किचनच्या ओट्यावर काळा कुळकुळीत दगड असेल आणि दुकानदाराने तो ग्रॅनाइट म्हणून दिला असेल, तर भूशास्त्राच्या हिशोबाने तो ग्रॅनाइट नाहीये, बहुतेक करून डोलेराइट किंवा गॅब्रो या वेगळ्या, गडद खडकांपैकी एक आहे. म्हणजे दुकानदाराने फसवलं असं अजिबात नाही, दगडाच्या धंद्यात कठीण, चांगलं पॉलिश घेणारा आणि चुनखडीच्या जातीचा नसलेला जवळपास कुठलाही दगड ग्रॅनाइट म्हणूनच विकतात, आणि धंद्यापुरतं ते ठीकही आहे. पण खडक शिकायचा असेल तर दुकानातलं नाव आणि दगडाचा रंग हे दोन्ही बाजूला ठेवून आत कुठली खनिजं आहेत आणि किती आहेत एवढंच बघायचं. हा लेख त्यासाठीच आहे, आणि उदाहरण म्हणून मी कर्नाटकातला क्लोजपेट ग्रॅनाइट घेतलाय, कारण आपल्याकडची निम्मी मंडळी कधी ना कधी हंपीला जातातच आणि एवढा सुंदर ग्रॅनाइट समोर असताना फक्त देवळांचे फोटो काढून परत येतात.

आधी घरातला आणि दुकानातला दगड बघा

प्रवासाला निघायच्या आधी जवळच्या मार्बल-ग्रॅनाइटच्या गोडाऊनला एक चक्कर मारा, तिथे मोठमोठे पॉलिश केलेले स्लॅब उभे असतात आणि खनिजं ओळखायला यापेक्षा सोपी जागा नाही. इलकलचा लाल दगड मागा, तो खरा ग्रॅनाइटच्या घराण्यातला आहे. (हो, साडीवालं इलकलच, त्या गावात दगडाचाही मोठा धंदा आहे.) त्याच्या शेजारी ब्लॅक गॅलेक्सी ठेवून बघा, तो आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमकुर्तीचा, त्यातले सोनेरी ठिपके ब्रॉन्झाइट नावाच्या खनिजाचे, आणि तो गॅब्रोच्या घराण्यातला, ग्रॅनाइट नाही. काश्मीर व्हाइट म्हणून विकतात तो तमिळनाडूतून येतो, त्यात बारीक लाल गार्नेट दिसतात, तो रूपांतरित, म्हणजे उष्णता आणि दाबाने बदललेला खडक आहे. हे तीन दगड शेजारी शेजारी नीट बघितले की रंगावरून आणि नावावरून काहीच ठरत नाही हे कायमचं डोक्यात बसतं.

सामान

फार काही लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, एक लोखंडी खिळा, एक टाचणी, पाण्याची फवारणीची बाटली, वही, मोजपट्टी आणि एक पारदर्शक प्लास्टिक शीट ज्यावर मार्करने एकेक सेंटिमीटरवर ठिपके देऊन दहा बाय दहा अशी शंभर ठिपक्यांची जाळी काढून घ्यायची. हातोडा घरीच ठेवा. हंपी जागतिक वारसास्थळ आहे, तिथला परिसर पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथल्या दगडाला हातोडा तर नाहीच पण खिळ्याने साधा चरासुद्धा मारायचा नाही. खिळ्याच्या टेस्ट रस्त्याकडेच्या सुट्या तुकड्यावर करून घ्यायच्या.

चार खनिजं पाठ करा

ग्रॅनाइटमध्ये खनिजं बरीच असतात पण डोळ्याला दिसणारी मुख्य चारच, आणि ती एकदा ओळखता आली की अर्धं काम झालं.

क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. ग्रॅनाइटमध्ये मात्र ती गारगोटीसारखी पांढरी शुभ्र दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, इथे ती राखाडी, धुरकट, काचेसारखी दिसते आणि तिला स्वतःचा असा आकार नसतो, बाकीच्यांच्या मधल्या फटीत जिथे जागा मिळाली तिथे ती भरलेली असते. फुटते ती वाकडीतिकडी, सपाट पृष्ठभाग देत नाही. खिळ्याने ओरखडा उठत नाही, उलट खिळ्याचंच लोखंड तिच्यावर घासून काळी रेघ राहते, ती बोटाने पुसली की जाते.

फेल्डस्पार दोन. पोटॅशियमवाला आणि सोडियम-कॅल्शियमवाला, दुसऱ्याला प्लॅजिओक्लेज म्हणतात. दोन्ही खिळ्याला दाद देत नाहीत पण दोन्ही सपाट पातळ्यांवर फुटतात, म्हणून उन्हात दगड फिरवला की एकदम लख्ख चमकतात, क्वार्ट्झ असं चमकत नाही. क्लोजपेटमध्ये पोटॅशियमवाला बहुतेक गुलाबी आणि प्लॅजिओक्लेज पांढरट असतो त्यामुळे सुरुवातीला रंगावर भागतं, पण ही सवय लावून घेऊ नका कारण दुसरीकडे दोन्ही पांढरे असू शकतात. खरी खूण वेगळी आहे. मोठा गुलाबी स्फटिक शोधा, दोन-तीन सेंटिमीटरचे सहज मिळतात, सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच्यासमोर बसा आणि डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. एका क्षणी स्फटिकाचा अर्धा भाग चमकेल आणि अर्धा मंद राहील, आणखी थोडं डोकं हलवलंत की मंद होता तो चमकेल आणि चमकत होता तो विझेल, आणि मधली रेघ इतकी सरळ असते की पट्टीने आखल्यासारखी वाटते. हे जुळे स्फटिक आहेत, एकमेकांना उलटे चिकटून वाढलेले, याला कार्ल्सबाड जुळं म्हणतात. प्लॅजिओक्लेजमध्ये जुळी असतात ती दोन नाही, अनेक असतात, त्यामुळे भिंगातून त्याच्या पृष्ठभागावर अगदी बारीक समांतर रेषा दिसतात. या रेषा दिसायला वेळ लागतो, पहिल्या दिवशी नाही दिसल्या तरी बघत राहा, एकदा दिसल्या की मग सगळीकडे दिसतात.

चौथं म्हणजे काळं खनिज, बहुतेक वेळा बायोटाइट, म्हणजे काळा अभ्रक. टाचणीचं टोक घातलं की पापुद्रा निघतो. पापुद्रा निघत नसेल आणि दाणा लांबट, काड्यांसारखा असेल तर ते हॉर्नब्लेंड. पांढरा चंदेरी अभ्रक दिसला तर वहीत मोठ्या अक्षरात लिहा, त्याचं महत्त्व पुढे येईल.

याशिवाय झिरकॉन, ॲपेटाइट, मॅग्नेटाइट, टायटॅनाइट अशी बारीक खनिजं असतात जी डोळ्याला फारशी दिसत नाहीत, पण त्यातलं झिरकॉन वय सांगतं. त्यात वाढतानाच थोडं युरेनियम अडकतं, ते ठराविक वेगाने शिशात बदलत राहतं (युरेनियम-२३८ चं निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात), प्रयोगशाळेत दोन्हींचं प्रमाण मोजलं की स्फटिक कधी तयार झाला ते कळतं. क्लोजपेटचं वय असंच साधारण २५० कोटी वर्षं निघालंय. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट ६.६ कोटींच्या आसपासचा आहे, यावरून अंदाज घ्या.

आता मोजा

बहुतेक नवखे लोक इथे कंटाळा करतात आणि माझ्या मते इथेच खरं शिकणं होतं. शक्यतो ताजा, न झिजलेला सपाट पृष्ठभाग निवडा, थोडं पाणी फवारा म्हणजे रंग उठून दिसतात, त्यावर प्लास्टिक शीट धरा आणि प्रत्येक ठिपक्याखाली कुठलं खनिज आहे ते वहीत काट्या मारत जा. समजा शंभरपैकी क्वार्ट्झ २७, गुलाबी फेल्डस्पार ३६, पांढरा फेल्डस्पार २८ आणि काळी खनिजं ९ आली. काळी सोडून द्या, उरले ९१. त्यात क्वार्ट्झ २७ म्हणजे साधारण ३० टक्के. ग्रॅनाइटसाठी हा आकडा २० ते ६० मध्ये पाहिजे, तो आहे. मग दोन्ही फेल्डस्पार मिळून ६४, त्यात गुलाबी ३६ म्हणजे ५६ टक्के. हा आकडा ३५ ते ९० मध्ये असेल तर ग्रॅनाइट. १० ते ३५ मध्ये आला तर ग्रॅनोडायोराइट आणि १० च्याही खाली गेला तर टोनालाइट. क्वार्ट्झच २० च्या खाली असेल तर मग तो ग्रॅनाइट नाही, दिसायला कितीही तसा असला तरी. मोठे मोठे स्फटिक असलेल्या दगडावर एकाच जागी मोजून चालत नाही, एखादाच फेल्डस्पार दहा ठिपके खाऊन जातो, म्हणून त्याच खडकावर तीन-चार वेगळ्या जागी मोजून सरासरी काढा.

वाटेत डोळे उघडे ठेवा

सोलापूरहून विजापूर, हुनगुंद, इलकल, कुष्टगी करत होस्पेटला जाणारा हायवे म्हणजे चालताबोलता क्लास आहे. विजापूरपर्यंत आपलाच काळा बेसॉल्ट, कृष्णेच्या आसपास तो संपतो, मग थोड्या पट्ट्यात जुने गाळाचे खडक आणि इलकलच्या सुमारास गोलगोल शिळांच्या टेकड्या दिसायला लागतात. माती लालसर होत जाते पण मधेमधे काळी रानं येतातच, म्हणून मातीवर एकटीवर विसंबू नका. वाट वाकडी करून बदामी-ऐहोळेला गेलात तर तिथला लाल खडक ग्रॅनाइट समजू नका, तो वालुकाश्म आहे, भिंगातून बघितलं की वाळूचे गोलसर कण एकमेकांना चिकटवलेले दिसतात आणि थरही स्पष्ट दिसतात. ग्रॅनाइटमध्ये कण चिकटवलेले नसतात, स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, मधे कुठे रिकामी जागाच नसते.

आणि हा बेसॉल्ट संपतो म्हणजे तिथून ग्रॅनाइट सुरू होतो असं नाही, तो आपल्या पायाखालीही आहेच. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतलं तेव्हा ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि थोड्या गाळाच्या थराखाली जुना स्फटिकी खडक लागला, आणि कोयनेच्या भागात सुमारे ९३० मीटर बेसॉल्टखाली ग्रॅनाइट आणि नाइस (पट्ट्यापट्ट्यांचा खडक, पुढे येईल) लागले. कृष्णेच्या दक्षिणेला फक्त वरचं पांघरूण नाहीये, एवढाच फरक.

आला कुठून? दगडालाच विचारा

दोन गोष्टी दगडातच लिहिलेल्या आहेत, दाण्यांचा आकार आणि खनिजांचं प्रमाण.

आधी आकार. तूप कढवून भांडं झाकून हळूहळू निवू दिलं की ते छान रवाळ होतं, पटकन थंड केलं तर दाणा धरत नाही, स्फटिकांचंही तेच आहे. बेसॉल्ट जमिनीवर येऊन भराभर थंड झाला म्हणून त्याचे दाणे डोळ्याला दिसत नाहीत, ग्रॅनाइटचा शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, काही किलोमीटर खोल अडकून राहिला, भोवती गरम खडक, उष्णता जायला हजारो ते लाखो वर्षं लागली, म्हणून दाणे ठसठशीत. हे आज आपल्याला सरळ वाटतं पण १८ व्या शतकात ग्रॅनाइट समुद्राच्या पाण्यातून साचून बनला असं मानणारा मोठा गट होता. १७८५ साली भूशास्त्रज्ञ जेम्स हटन स्कॉटलंडमधल्या ग्लेन टिल्ट नावाच्या दरीत गेला आणि तिथे त्याला गुलाबी ग्रॅनाइटच्या शिरा जुन्या गडद खडकात घुसलेल्या दिसल्या. घुसायचं तर तो पातळ असला पाहिजे आणि त्या खडकानंतरचा असला पाहिजे. अशा शिरा तुम्हालाही बघायला मिळतील, तेव्हा नक्की थांबा.

आता प्रमाण, आणि मला स्वतःला ग्रॅनाइटमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. जगात कुठेही जा, ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि दोन फेल्डस्पार साधारण त्याच हिशोबात मिळतात, सिलिका (क्वार्ट्झ ज्याचं बनलेलं असतं ते) ७० टक्क्यांच्या आसपास किंवा थोडं वर (बेसॉल्टमध्ये ५० च्या आसपास). असं का? १९५८ साली टटल आणि बोवेन या भूशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत दाबाखाली, पाण्यासकट या खनिजांची मिश्रणं वितळवून दाखवली, तेव्हा दिसलं की सगळ्यात कमी तापमानाला वितळणारं जे मिश्रण आहे त्याच्या आसपासच निसर्गातले ग्रॅनाइट गोळा झालेले आहेत. म्हणजे भूखंडाचं कवच खालून तापलं, जोडीला थोडं पाणी मिळालं, की साधारण ६५० ते ७०० अंशांना त्यातला जो भाग पहिल्यांदा वितळतो तो ग्रॅनाइटच्या जातीचा असतो, तर बेसॉल्टचा लाव्हा ११०० अंशांच्या पुढचा. उलट बाजूनेही तेच, बेसॉल्टचा रस थंड होताना आधीचे स्फटिक खाली बसत गेले तर शेवटी उरणारा थोडासा रस ग्रॅनाइटकडे झुकतो, पण असा फारच थोडा मिळतो, म्हणून शेकडो चौरस किलोमीटरचे प्रचंड ग्रॅनाइट मुख्यतः कवच वितळूनच झाले असं मानतात. तुम्ही शंभर ठिपके मोजता तेव्हा खरं तर हाच पुरावा मोजत असता.

कुठलं कवच वितळलं यावरही फरक पडतो. १९७४ मध्ये चॅपेल आणि व्हाइट यांनी ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅनाइटवरून दोन गट सांगितले, जुने अग्निज (शिलारस थिजून झालेले) खडक वितळून झालेले आणि चिखल-गाळाचे खडक वितळून झालेले. हॉर्नब्लेंड असेल तर बहुतेक पहिला, चंदेरी अभ्रक किंवा गार्नेट असेल तर दुसऱ्याची शक्यता, म्हणून ते वहीत लिहायला सांगितलं.

क्लोजपेटमध्ये मात्र प्रकरण एवढ्यावर थांबत नाही. हा पट्टा दक्षिण-उत्तर सुमारे ४०० किलोमीटर लांब आणि साधारण २० ते ३० किलोमीटर रुंद आहे. बेंगळुरूजवळच्या रामनगरचं जुनं नाव क्लोजपेट, त्यावरून हे नाव पडलं. अभ्यासकांचं म्हणणं असं की प्रावरणातून, म्हणजे कवचाच्या खालच्या थरातून, वर आलेला गरम रस आणि त्याच्या उष्णतेने वितळलेलं जुनं कवच असं दोन्ही यात मिसळलंय, आणि हा रस कवचातल्या मोठ्या कमकुवत पट्ट्यातून वर चढला. धूप झाली तीही तिरपी, दक्षिणेत कब्बलदुर्गाच्या बाजूला खूप खोलचा भाग उघडा पडलाय जिथे रस तयार होऊन गोळा होत होता, आणि हंपी-कुष्टगीकडे वरचा, उथळ भाग जिथे तो येऊन थिजला. एकाच ग्रॅनाइटचं बूड आणि शेंडा दोन्ही रस्त्याने जाऊन बघता येतात, असं जगात फार कमी ठिकाणी आहे आणि आपल्यापासून ते एका रात्रीच्या बसवर आहे, हे मी भेटेल त्याला सांगतो.

कोण आधी, कोण नंतर

मोकळा स्वच्छ कातळ मिळाला, हेमकूट टेकडीवर असे लांबलचक उघडे कातळ आहेत, की खाली बसून क्रम लावा. कापणारा नंतरचा, कापला गेलेला आधीचा, हा एकच नियम. बारीक दाण्याची फिकट शीर असेल तर तो ॲप्लाइट, बोटाएवढे मोठे स्फटिक असलेली असेल तर पेग्मटाइट, दोन्ही शेवटच्या उरलेल्या रसाचे, त्यामुळे बहुतेक वेळा बाकी सगळ्यांना कापत जातात.

काळे डाग दिसले तर जवळ जा. डागाची कड टोकदार, कोनाकोनाची असेल आणि आत पट्टे असतील तर तो जुन्या खडकाचा तुकडा, रसात पडलेला पण न वितळलेला. कड गोलसर, लाटेसारखी असेल आणि आतला दगड बारीक दाण्याचा असेल तर तो दुसऱ्या, जास्त गरम रसाचा गोळा असू शकतो. खात्री कशी करायची, तर त्या काळ्या गोळ्याच्या आत भोवतालच्या ग्रॅनाइटमधलाच एखादा मोठा गुलाबी फेल्डस्पार शिरलाय का ते बघा, कधीकधी तो अगदी कडेवर अर्धा आत अर्धा बाहेर सापडतो. तसा सापडला तर त्या वेळी दोन्ही रस मऊ होते आणि एकमेकांत मिसळत होते, दुसरा अर्थच निघत नाही. क्लोजपेटमध्ये असे गोळे ठिकठिकाणी आहेत.

सगळा खडकच पट्ट्यापट्ट्यांचा असेल, काळं एका ओळीत पांढरं एका ओळीत, तर तो नाइस, खनिजं तीच पण दाबाखाली ओळीत आलेली. बेंगळुरूच्या लालबागेत टेकाडावर आहे तो नाइस, सुमारे ३०० कोटी वर्षांचा. फक्त मोठे स्फटिक एका दिशेला झुकलेले असतील तर लगेच नाइस म्हणू नका, वाहत्या रसातही ते तसे लागतात.

हंपीतल्या एकावर एक रचल्यासारख्या शिळा कुणी रचलेल्या नाहीत आणि बहुतेक कुठून गडगडत आलेल्याही नाहीत, जागच्या जागीच झाल्यात. वरचं ओझं धुपून गेल्यावर ग्रॅनाइटला आडव्या-उभ्या भेगा पडतात, भेगांतून पाणी मुरतं, फेल्डस्पारची माती होते, कोपरे दोन-तीन बाजूंनी खाल्ले जातात म्हणून चौकोनाचे गोल होतात आणि मधला मुरूम वाहून गेला की शिळा उरतात. क्वार्ट्झला मात्र काही होत नाही, म्हणून शिळेच्या पायथ्याची भरड मूठभर उचलून भिंगाखाली धरा, जास्त करून क्वार्ट्झच निघेल. काही शिळांवर ओळीने चौकोनी खाचा दिसतील त्या माणसाच्या, विजयनगरच्या पाथरवटांनी पाचर मारून दगड फाडायला केलेल्या.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उन्हाळ्यात कातळ इतके तापतात की बसवत नाही. फोटोत नाणं किंवा मोजपट्टी ठेवा, नाहीतर घरी आल्यावर स्फटिक केवढा होता ते कळत नाही. चालू खाणीत परवानगीशिवाय जाऊ नका. आणि हंपी लांब पडत असेल तर विदर्भातल्यांना भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे ग्रॅनाइट-नाइसचे उघडे खडक आहेत, गोव्यातल्यांना काणकोणचा भाग आहे, तिथे मोठ्या फेल्डस्पारचा ग्रॅनाइट मिळतो, किनाऱ्यावरच्या खडकांवर बघायचा असेल तर ओहोटीची वेळ बघून जा.